अण्णांच्या उशाशी घेतलेलं नाव

नवापूर भागातल्या एका मिशन हॉस्पिटलात, रात्री साडेअकराच्या सुमारास, एका सिस्टरने माझ्या वडिलांच्या कपाळावर हात ठेवून येशूच्या नावाने प्रार्थना केली. तिने आधी विचारलं होतं, "ताई, प्रार्थना करू का?" मी मान हलवली होती. त्या मान हलवण्याचा हिशोब लावण्यात माझी पुढची अडीच वर्षं गेली.

यात एवढा विचार करण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. आपल्याकडे माणूस पिराला नारळ फोडतो, मोतमाउलीला मेणबत्ती लावतो आणि घरी येऊन सत्यनारायण घालतो. पण आमचं घर महानुभाव पंथाचं. माहेर रावेर तालुक्यात, केळीच्या बागांमध्ये. अण्णांनी विशी-बाविशीत उपदेश घेतला तो शेवटपर्यंत पाळला. आमच्या घरी गणपती बसत नाही, श्रावणात कानबाई बसत नाही. गावची यात्रा वणीला गेली होती तेव्हा अण्णा सगळ्यांबरोबर गेले, पण गडाच्या पायथ्याशी बसमध्येच बसून राहिले, हातातली माळ चालू. लोक दर्शन घेऊन उतरले तेव्हा त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, प्रवासाची चौकशी केली, कुणाला दुखावलं नाही. पण वर गेले नाहीत.

आमच्या शास्त्रात चार पदार्थ मानलेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. देवता पुष्कळ आहेत, त्या खोट्या नाहीत, त्या आपापलं फळ देतात. पण जिवाला बंधनातून सोडवणं त्यांच्या हातात नाही. ते फक्त परमेश्वराच्या हातात, आणि तो आम्हाला पाच अवतारांत, म्हणजे पंचकृष्णांत, कळला: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधरस्वामी. उपदेश घेतलेल्याने देवतेची भक्ती करायची नाही. अण्णांसाठी हा पुस्तकातला सिद्धान्त नव्हता, तो त्यांचा रोजचा स्वभाव होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अकरा वर्षांपासून नवापूर तालुक्यात. दिवाळीनंतर अण्णा माझ्याकडे आले होते आणि आठव्या दिवशी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. ज्या माणसाने पन्नास वर्षं नामस्मरण केलं त्याच्या तोंडातून आता फक्त "शि... शि..." असा आवाज यायचा. डावा हात चादरीवर फिरायचा, अंगठा तर्जनीवर घासायचा. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, हाताला खाज सुटली असेल. मग भावाच्या लक्षात आलं की ते मणी ओढताहेत. माळ हातात दिली तर बोटांतून निसटायची, म्हणून आम्ही ती मनगटाला गुंडाळून ठेवली. सिस्टरने प्रार्थना केली ती तिसऱ्या रात्री. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा गेले.

भाऊ दिवसकार्य आटोपून घरी परतला आणि मी शाळेत रुजू झाले. तेव्हा तो प्रश्न समोर येऊन बसला. येशू देवता असेल, तर ज्याने जन्मभर देवतेचं नाव घेतलं नाही त्या माणसावर, त्याला 'नको' म्हणता येत नसताना, शेवटच्या रात्री मी ते नाव घालू दिलं. येशू नुसता भला माणूस असेल, तर ती प्रार्थना हवेत गेली, दोष नाही. आणि येशू परमेश्वर असेल तर? तर सगळंच वेगळं. माझ्यापुढे तीन दारं होती आणि एकातून तरी आत जाणं भाग होतं.

स्टाफरूममध्ये मी विषय काढला तर सगळ्यांचं उत्तर एकच, "मॅडम, सगळे देव सारखेच. कशाला डोक्याला त्रास?" ती माणसं प्रेमाने सांगत होती. पण हे उत्तर अण्णांनी कधी मान्य केलं नसतं, आणि ती सिस्टरही करणार नाही. मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे असं येशू म्हणतो, यावर माझ्या काही मैत्रिणी अडखळतात. एवढा एकटेपणाचा दावा त्यांना अहंकारी वाटतो. मला तो परका वाटला नाही. 'सोडवणारा एकच' हे वाक्य मी पाळण्यात ऐकलंय. प्रश्न एवढाच होता, की तो एक कोण.

सुरुवातीला मी ऐकीव गोष्टींमागे फिरले. जळगावच्या मावसभावाने मोबाईलवर पाठवलं की येशू तरुणपणी भारतात आला, लडाखच्या मठात शिकला. मला ते फार हवंहवंसं वाटलं, कारण ते खरं असतं तर तो आपलाच निघाला असता. शोधलं, तर ही कथा निकोलस नोतोविच नावाच्या रशियन माणसाने १८९४ मध्ये छापलेल्या पुस्तकातून निघालेली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले डग्लस नावाचे प्राध्यापक स्वतः लडाखमधल्या त्या हेमिसच्या मठात गेले. तिथल्या प्रमुख लामांनी सांगितलं की असा कुणी पाहुणा आला नव्हता आणि असा ग्रंथही आमच्याकडे नाही. ती गोष्ट मी तिथेच सोडली, थोड्या हळहळीने.

भुसावळला मी लहानपणी मामांकडे राहायचे. तिथल्या शेजारच्या खालांना फोन केला. त्या म्हणाल्या, "हमारे यहाँ ईसा अलैहिस्सलाम बहोत बडे पैगंबर हैं, बेटा," आणि येशूच्या आईवर, मरियमवर, कुराणात अख्खी सूरह, म्हणजे अध्याय, आहे हेही सांगितलं. पण कुराण म्हणतं की त्यांना सुळावर चढवलं गेलं नाही. खालांबद्दल मला आईइतका आदर आहे. पण वधस्तंभाची गोष्ट मला नाकारता येईना, कारण ती येशूला न मानणाऱ्यांनीही लिहून ठेवली आहे. रोमचा इतिहासकार टॅसिटस साधारण ११६ साली ख्रिस्ती लोकांबद्दल तुच्छतेने लिहितो, आणि लिहिता लिहिता सांगून जातो की यांच्या ख्रिस्ताला बादशहा तिबेरियसच्या काळात रोमन सुभेदार पिलाताने मृत्युदंड दिला. ज्यू इतिहासकार जोसिफसनेही येशूचा उल्लेख केलाय. त्यातल्या एका उताऱ्यात पुढे ख्रिस्ती हातांनी भर घातली असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण दुसऱ्या ठिकाणी तो याकोबाची ओळख 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' अशी सहज करून देतो. आणि १९६१ साली समुद्रकाठच्या कैसरियात खोदकामात एक दगड मिळाला, त्यावर लॅटिनमध्ये पिलाताचं नाव कोरलेलं. ही माहिती मला अमळनेरच्या एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी दिली. ते स्वतः देव मानत नाहीत. "माणूस होता आणि त्याला खांबावर मारलं, यावर मी तुझ्याशी भांडणार नाही," ते म्हणाले, "त्यापुढचं तुझं तू बघ."

माझ्या वर्गाशेजारच्या वर्गावरचे सर मावची या आदिवासी समाजातले, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. त्यांनी मला त्यांच्या चर्चच्या पाळकांकडे नेलं. पाळकांनी बायबलातला नवा करार हातात दिला आणि ख्रिस्ती लोक नेहमी देतात तो युक्तिवाद ऐकवला: स्वतःला देव म्हणवणारा माणूस एकतर वेडा, नाहीतर लबाड, नाहीतर खरंच देव. मी म्हटलं, चौथी शक्यता आहे, तो तसं म्हणालाच नसेल आणि मागच्यांनी लिहिलं असेल. पाळक रागावले नाहीत. म्हणाले, "मग वाचा ना तुम्ही. मी सांगून काय होणार?"

म्हणून मी वाचायला बसले. सकाळच्या शाळेहून दुपारी घरी यायचं, भाकरी खायची, आणि मार्क. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं त्यात आहेत; सगळ्यात आधी लिहिलेलं मार्कचं, साधारण इसवी सन ७० च्या आसपासचं, असं बहुतेकजण मानतात. मग मत्तय, लूक आणि शेवटी योहान. पहिल्या वाचनात मी नुसती विसंगतीच शोधत होते आणि ती भरपूर सापडली. कबरेवर पहाटे मार्कमध्ये तीन स्त्रिया जातात, योहानात एकटी मग्दालिया मरीया. मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींत तर शेवटच नीट नाही. रिकामी कबर पाहून बाया थरथरत पळाल्या आणि भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच मजकूर संपतो. मी वहीत दोन रकाने पाडले, जुळतं आणि जुळत नाही. दुसरा रकाना लांबत गेला. मला हायसं वाटायला लागलं होतं, की चला, सुटले.

मग लूकची पहिली चार वाक्यं पुन्हा वाचली. लूक थियफील नावाच्या कुणाला सांगतो, की जे आरंभापासून डोळ्यांनी पाहणारे होते त्यांनी सांगितलेलं पुष्कळांनी लिहून काढलंय, मीही सगळं बारकाईने शोधून तुला क्रमाने लिहितो. मी वही खाली ठेवली. हे मला ठाऊक होतं. हे तर म्हाइंभट होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेले, मग गोविंदप्रभूही गेले, आणि मागे राहिलेली माणसं पोरकी झाली. तेव्हा म्हाइंभटांनी ठरवलं की स्वामींच्या आठवणी गोळा करायच्या. ऋद्धिपूरला स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, यांच्याकडून ऐकल्या, गावोगाव जाऊन ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना विचारलं आणि लीळाचरित्र तयार झालं. मराठीतला हा पहिला गद्य ग्रंथ. स्वामी कुठे थांबले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, सगळं त्यात आहे. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि लोकांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, म्हणून पाठ वेगवेगळे. हिराइसेचा पाठ एक सांगतो, दुसरा पाठ दुसरं. आमच्या लोकांनी हे फरक पुसले नाहीत, जपून ठेवले. अण्णा पोथी वाचताना मध्येच थांबून सांगायचे, "इथं दुसरा पाठ असा आहे बरं का." त्यांच्या श्रद्धेला त्याने कधी चरा पडला नाही. उलट, एवढे लोक एकाच माणसाबद्दल बोलताहेत म्हणून तो माणूस त्यांना अधिक खरा वाटायचा.

जी सवलत मी स्वामींच्या शिष्या बाइसा-महदाइसांच्या आठवणींना जन्मभर दिली, ती मग्दालिया मरीयेला का देत नव्हते? मला स्वतःची लाज वाटली. वहीतले दोन रकाने मी खोडले नाहीत, पण त्यांचा अर्थ बदलला. शिवाय प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र शुभवर्तमानांच्याही आधीचं, ५५ च्या सुमाराचं. त्याच्या पंधराव्या अध्यायात येशू पुन्हा कुणाकुणाला दिसला त्याची यादी आहे, आणि पाचशेहून अधिक बांधवांचा उल्लेख करून पौल म्हणतो, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे, जा आणि विचारा.

याने येशू परमेश्वर ठरत नाही, हे मला कळत होतं. साक्षीदार प्रामाणिक आहेत एवढंच ठरतं. मधला बराच काळ मी तिथेच अडकले, आणि अडकण्याचं एक कारण आमच्या भागातल्या काही प्रार्थनासभाही होत्या. मांडव घालून, माईकवर, 'येशू बरं करतो, येशू नोकरी देतो, मूल देतो.' मला वाटायचं, ही तर सरळसरळ देवता. मागा आणि फळ घ्या. त्या काळात मी जवळजवळ पहिल्या दारातून आत गेलेच होते.

त्यातून बाहेर काढलं योहानाच्या सहाव्या अध्यायाने. येशू पाच हजारांना भाकरी देतो, दुसऱ्या दिवशी गर्दी पुन्हा त्याला शोधत येते, आणि तो तोंडावर सांगतो: तुम्ही पोट भरलं म्हणून आलात. मग असं काही कठीण बोलतो की पुष्कळ शिष्य पाठ फिरवून निघून जातात. तो त्यांना थांबवत नाही. आपल्या बारा मुख्य शिष्यांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का? फळ देऊन भक्त धरून ठेवणारी देवता अशी वागत नाही.

आणि मग मार्कचा पंधरावा अध्याय. तो मी आधी दोनदा वाचला होता. तिसऱ्यांदा वाचला तो अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात. आम्ही श्राद्ध घालत नाही, पण तारीख तर येतेच. दुपारी तीनच्या सुमारास खांबावरचा येशू मोठ्याने ओरडतो, "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?" माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

आमच्याकडे एक शब्द आहे, असन्निधान. परमेश्वर जवळ असणं ते सन्निधान आणि त्याचा सहवास तुटणं ते असन्निधान. स्वामी गेल्यावर भटोबासांचं जे झालं ते असन्निधान. आज आपण सगळे त्यातच आहोत, असं आमच्या आश्रमातले बाबा प्रवचनात सांगतात. ही जिवाची अवस्था. पण इथे तर सोडवायला आलेलाच असन्निधानात ओरडत होता. आधी मला वाटलं, हाच पुरावा, हा परमेश्वर असूच शकत नाही. पुस्तक मिटून मी भांडी घासायला गेले. भांडी घासता घासता अण्णांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. "शि... शि..." पन्नास वर्षांच्या स्मरणानंतर नाव जिभेवर येत नव्हतं. त्या चार दिवसांत मला सर्वांत जास्त छळलं ते याने: यांचा परमेश्वर यांना आता कुठे सोडून गेला? आणि इथे एकजण त्याच जागी होता. बाहेरून सांत्वन करत नव्हता, आतून ओरडत होता. जीव जिथे शेवटी पडतो तिथपर्यंत परमेश्वराला यायचं असेल, तर तो याहून वेगळा कसा येईल? मी हात न पुसताच खाली बसले आणि खूप रडले.

मी ठरवलं ते त्या दुपारी, असं मला आज वाटतं. प्रत्यक्षात कबूल करायला आणखी आठ महिने लागले.

मध्ये एक धक्का बसला. वधस्तंभावरून येशू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, ते लूकमधलं वाक्य मला सर्वांत प्रिय झालं होतं. अमळनेरच्या सरांनी दिलेल्या इंग्रजी अभ्यास-बायबलात त्यावर तळटीप होती: काही प्राचीन प्रतींत हे वाक्य नाही. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन प्रतीतही नाही. पायाखालची फरशी हलल्यासारखं झालं. पण तळटीप छापली होती त्याच लोकांनी, जे येशूला देव मानतात. इथं दुसरा पाठ असा आहे बरं का. मला अण्णांचा आवाजच ऐकू आला.

त्या सिस्टरला भेटायलाही गेले. त्या रात्री ती मावचीत बोलली होती, मला फक्त येशूचं नाव कळलं होतं. नेमकं काय मागितलं हे मला जाणून घ्यायचं होतं. तिला आठवलं नाही. "ताई, रात्रपाळीला मी सगळ्यांसाठीच करते," ती म्हणाली. मग सलाईनची बाटली बदलायला उठली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या आश्रमातल्या बाबांकडे गेले. दंडवत प्रणाम केला आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "बाई, शास्त्राने आपल्याला पाच सांगितले. सहावा मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. तू म्हणतेस ते मला मान्य नाही." मग जरा थांबून, "पण अण्णांचा दोष मनातून काढ. त्यांच्या मनगटाला माळ होती." बाबांनी मला उठवून लावलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी जेवून जायला सांगितलं, आणि मी जेवले.

तर मी काय मानते ते स्पष्ट लिहिते. पंतय पिलाताच्या हुकुमाने ज्याला खांबावर मारलं तो येशू परमेश्वर होता आणि आहे. तो मेला आणि पुन्हा उठला, हे ज्या बायांनी आधी सांगितलं त्यांच्यावर माझा विश्वास आहे. ३२५ साली निकियात जमलेल्या बिशपांनी याच गोष्टीवर वाद घातला, पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला. त्या वादात कुणाच्या बाजूला उभं राहायचं हे मला महानुभाव शास्त्रानेच शिकवलं: जो परमेश्वर नाही तो सोडवू शकत नाही. अण्णांच्या पंचकृष्णांचं मग काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आहे असं दाखवणार नाही. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही.

बाप्तिस्मा मी अजून घेतलेला नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तिथवर यायला १९०० साल उजाडलं; मला त्या पाच वर्षांचा फार आधार वाटतो. आमच्या भागात धर्मांतर या शब्दावरून किती तापतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुणी एक रुपया दिला नाही, कुणी भीती घातली नाही. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लिहिते.

भावाला मी गेल्या महिन्यात सांगितलं. तो बागेत केळीची पिलं कापत होता, हातात विळा, शर्टावर चिकाचे काळे डाग. मी बोलत राहिले आणि तो ओळीने पिलं कापत पुढे सरकत राहिला, म्हणून मलाही सरकत सरकत बोलावं लागलं. ओळ संपली तेव्हा तो वळला.

"अण्णा असते तर?"

"त्यांनी मला घरातून काढलं नसतं. पण बसमधून उतरले नसते."

तो हसला नाही, रागावलाही नाही. विळ्याचं पातं केळीच्या पानाला पुसलं.

"अष्टमीला येशील ना?"

"येईन."

"विडावसराच्या पूजेला बसशील?"

"बसेन. दंडवत करेन की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीला लागला.